नुसती हळहळ पुरे!

जबलपूरच्या टेकडीवर गोंड राजांच्या काळचा मदनमहाल उभा आहे. अशा जुन्या वास्तूंच्या भिंतींवर कोरलेली प्रेमवीरांची नावे पाहून सहलीला आलेली कुटुंबे हळहळतात अन् घरी परततात. त्याने काय साधणार? संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्यास १९५८च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शहरातल्या भिंती रंगवणाऱ्यांसाठी मध्य प्रदेशात १९९४चा कायदा आहे. पण तक्रारच नसेल तर कारवाई कुणावर होणार? १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर नेमके ठिकाण सांगून तक्रार नोंदवावी, तिचा क्रमांक जपून ठेवावा आणि पाठपुरावा करावा. आणि हो, आपल्याच चिरंजीवांच्या हातात खिळा नाही ना, हेही आधी पाहावे!