दुर्बिणीच्या आरशाची कल्हई

पितळेच्या भांड्याला वेळच्या वेळी कल्हई लावावी लागते, हे जुन्या पिढीतील गृहिणीस कोणी शिकवावे लागत नसे. भांडे पितळेचे असले तरी त्यात शिजणारे अन्न कथलाच्या पातळ मुलाम्याच्या भरवशावर असे. तो झिजला की भांडे मोडीत निघत नसे, कल्हईवाल्यास हाक जाई. आधुनिक खगोलशास्त्राची मोठी उपकरणे नेमकी याच न्यायाने चालतात, ही गोष्ट मात्र सुशिक्षितांच्याही सहसा ध्यानी येत नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यातच, शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नर-घोडेगाव परिसरातील गिरवली येथे ‘आयुका’ची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. ती २००६ साली राष्ट्रास अर्पण झाली. अशा दुर्बिणीचा मुख्य आरसा काचेचा असतो, परंतु प्रकाश परावर्तित करण्याचे काम काच करीत नाही. ते करतो काचेवरील ॲल्युमिनियमचा थर, आणि त्याची जाडी असते मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी. हिशेब मांडला तर २ मीटर व्यासाच्या आरशावरील हे सारे ॲल्युमिनियम वजनाने एक ग्रॅमही भरत नाही! कोट्यवधी रुपयांचे यंत्र या एका ग्रॅमवर उभे असते.

ताजा थर दृश्य प्रकाशाचा सुमारे नव्वद टक्के भाग परत पाठवितो. धूळ, दमट हवा आणि दव यांनी तो हळूहळू मलूल होतो. आपल्याकडील पावसाळा तर अशा थराचा जन्मजात वैरीच. नेहमीच्या रचनेत प्रकाश दोन आरशांवरून जातो, म्हणून नुकसान गुणाकाराने वाढते. दोन्ही आरसे नव्वद टक्क्यांवर असतील तर शंभरातील एक्याऐंशी भाग हाती लागतात. दोन्ही ऐंशीवर घसरले तर चौसष्टच. म्हणजे मिळणाऱ्या प्रकाशातील पाचव्या हिश्शाहून अधिक गेला. दुसऱ्या शब्दांत, २ मीटरची दुर्बीण कोणी हातही न लावता सुमारे १ मीटर ७८ सेंटिमीटरची झाली. पुराणातला राहू निदान गिळलेले तेज परत तरी करतो. (दौंड तालुक्यातील राहूच्या गावकऱ्यांनी हा उल्लेख मनास लावून घेऊ नये.)

अर्थशास्त्रात यास घसारा म्हणतात. हा शब्द इतका अन्वर्थक क्वचितच ठरत असेल. पण या घसाऱ्याचा भार कोणावर पडतो? दौंड तालुक्यातील कालव्याचे उदाहरण घ्यावे. कालवा गळू लागला की मुखाजवळच्या बागाइतदारास त्याची खबरही नसते. कोरडा राहतो तो टेलचा शेतकरी. दुर्बिणीचेही तसेच. जे निरीक्षण दहा रात्रींत व्हावयाचे त्यास साडेबारा रात्री लागू लागल्या, तर प्रस्थापित संशोधकाचे काम थोडे लांबते एवढेच. परंतु यादीच्या तळाशी असलेल्या लहान महाविद्यालयातील प्राध्यापकाची रात्र मुळातच उरत नाही. १९८८ साली स्थापन झालेले आयुका हे आंतरविद्यापीठीय केंद्र आहे. राहूसारख्या गावातून पदवीसाठी शहरात येणाऱ्या विद्यार्थ्यालाही मोठ्या साधनांपर्यंत पोचता यावे, हा अशा केंद्रांचा हेतू.

उपाय माहीत आहे, पण सोपा नाही. आरसा यारीने उतरवावयाचा, जुना थर रसायनाने काढावयाचा, काच ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन डाग न पडू देता सुकवावयाची आणि मग मोठ्या निर्वात पात्रात ठेवून ॲल्युमिनियमची वाफ तिच्यावर बसवावयाची. काचेचा घडविलेला आकार यात बदलत नाही, हा मोठाच लाभ. पूर्वीचे आरसे मिश्रधातूचे असत. ते काळवंडले की पुन्हा घासावे लागत आणि घासताना आकारच बिघडण्याचे भय असे. आयर्लंडातील लॉर्ड रॉस यांनी म्हणूनच आपल्या प्रचंड दुर्बिणीसाठी दोन आरसे ठेवले होते. पुढे काचेवर चांदी आली, आणि १९३५ मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सनच्या शंभर इंची आरशावर ॲल्युमिनियम चढले.

असे निर्वात पात्र प्रत्येक वेधशाळेत असावे काय? वर्षा-दोन वर्षांतून काही दिवस चालणारे यंत्र एरवी पडूनच राहणार, ही लेखापरीक्षकाची हरकत वरवर बिनतोड वाटते. पण दुसऱ्या पारड्यात घाटरस्त्याने शेकडो किलोमीटर न्यावयाचा टनभर वजनाचा, पुन्हा न मिळणारा काचेचा तुकडा आहे. कावलूरच्या २.३ मीटर आणि देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणींजवळच हे पात्र उभारण्यात आले, ही उधळपट्टी नव्हे. प्रस्तुत लेखकाच्या मते मोठ्या आरशांना यंत्र जागेवरच हवे. महाविद्यालयांच्या आणि १९४४ पासून पुण्यात कार्यरत असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी मंडळांच्या लहान आरशांसाठी मात्र एखादे सामायिक केंद्र पुरेल.

खरी अडचण यंत्राहून अंदाजपत्रकाच्या रकान्यांत आहे. नवी वास्तू भांडवली खर्चात बसते, तिला कोनशिला असते, उद्घाटक असतो. आरसा धुणे आवर्ती खर्चात पडते आणि काटकसरीची कात्री प्रथम तेथेच चालते. पुण्याने याचा एक धडा पूर्वीच घेतला आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये उभी राहिलेली, वीस इंची दुर्बिणीची वेधशाळा प्रा. कावसजी नायगमवाला यांच्या निवृत्तीबरोबर १९१२ मध्ये बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. यंत्रासाठी पैसा मिळाला होता. ते पुढे सांभाळणाऱ्या माणसांची तरतूद नव्हती.

राहूच्या परिसरातील गुऱ्हाळवाला हंगामापूर्वी काहील घासून घेतो आणि तो खर्च गुळाच्या हिशेबात धरतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने व राज्य शासनाने दुर्बिणीस, किंबहुना कोणत्याही मोठ्या उपकरणास मंजुरी देताना पुढील वीस वर्षांच्या देखभालीची रक्कम आणि ती करणाऱ्या तंत्रज्ञांची पदे त्याच ठरावात मंजूर करावीत. आरसा उतरविण्याचे काम पावसाळ्यातच उरकता येते, कारण त्या महिन्यांत आकाश तसेही दिसत नाही; तेव्हा पैसे जूनपूर्वी हाती पडणे अवश्य आहे.