जर्सी गाईच्या माहेरचा सण

वाचकहो, तुमच्या गोठ्यात जर्सी गाय असेल, निदान शेजाऱ्याकडे तरी असेलच. तिचं माहेर म्हणजे जर्सी बेट. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं, लांबीला जेमतेम ९ मैल. राजसत्ता इंग्लंडची, कायदे मात्र स्वतःचे. तिथं दरवर्षी ९ मे रोजी सुट्टी असते. सेंट हेलियर गावच्या चौकात माणसं जमतात आणि निशाण चढवलं जातं.

१ जुलै १९४० ला जर्मन फौजा या बेटावर उतरल्या, त्या ९ मे १९४५ पर्यंत हलल्या नाहीत. दूध किती निघालं, डुकरं किती, सगळा हिशेब शेतकऱ्यानं त्यांना द्यायचा. तरी एखादं डुक्कर लपवलं जाईच. (नाक मुरडू नका, त्यांच्याकडे ते घरचं धन!)

खरे हाल शेवटच्या हिवाळ्यात झाले. जून १९४४ मध्ये दोस्त फौजा फ्रान्समध्ये उतरल्या आणि तिकडून येणारा माल तुटला. बेट मात्र जर्मनांच्याच हातात राहिलं. झुडपाच्या पाल्याचा चहा, बटाट्याचं पीठ, मिठाऐवजी समुद्राचं पाणी, असा संसार चालला. डिसेंबरअखेर रेड क्रॉसची ‘वेगा’ बोट खाण्याच्या पेट्या घेऊन आली, तेव्हा चुली पुन्हा पेटल्या. जर्मन शिपाईही उपाशीच होते, पण या पेट्या लोकांपर्यंत पोहोचल्या. बोटीचं नाव तिथं अजून आदरानं घेतात.

पण मला या सणातली दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. तटबंदी आणि भुयारं खणायला जर्मनांनी रशिया, युक्रेन, स्पेन इथली माणसं वेठीला धरून आणली होती. त्यातला एक रशियन कैदी पळाला. लुईसा गूल्ड या दुकानदार विधवेनं त्याला घरात लपवलं. तिचा स्वतःचा मुलगा लढाईत गेला होता. दुसऱ्या आईचा तरी वाचावा, एवढाच तिचा विचार. कुणीतरी चुगली केली. तो निसटला, ती पकडली गेली. १९४५ साली, बेट सुटायच्या काही महिने आधी, जर्मनीतल्या रावेन्सब्रुक छावणीत तिला मारलं.

म्हणून ९ मेला निशाणाबरोबर आणखी एक काम असतं. गावाबाहेर वेस्टमाउंटला त्या वेठबिगारांचं स्मारक आहे. तिथं फुलं वाहिली जातात.