घटनेचे मराठी अध्यापक

राज्यघटना न्यायालयांच्या ग्रंथालयांत सुरक्षित असते, हा समज भ्रामक आहे. ती टिकते नागरिकांच्या समजुतीवर, आणि ही समजूत घडविणारे अध्यापक विरळाच असतात. न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर हे त्यांपैकी एक होते. प्रजासत्ताक दिनाच्या आदल्याच दिवशी, २५ जानेवारी २०२५ रोजी, ते निवर्तले.

१९३८ साली बीडला जन्मलेल्या चपळगावकरांनी प्रथम लातूरच्या दयानंद महाविद्यालयात मराठी शिकविले. पुढे वकिली करीत असता माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयात कायद्याचे अध्यापन केले. १९९० मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पण त्यांच्यातील अध्यापक न्यायासनावरही निवृत्त झाला नाही. विधिमंडळे आणि न्यायसंस्था यांच्यातील तणावासारखा किचकट विषय त्यांनी सामान्य वाचकाला उमगेल अशा मराठीत मांडला. २०२३ च्या वर्धा साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हा त्या लेखणीचाच सन्मान होता.

मराठवाड्याला अशा अध्यापकांची गरज विशेष होती. निजामी राजवटीत सभा भरविण्यासही परवानगी लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली आणि अवघ्या सोळा महिन्यांनी येथील प्रजा घटनेने नागरिक झाली. हक्क हाती आले. त्यांचा अर्थ समजावून देणे मात्र बाकी होते. नांदेडच्या पीपल्स महाविद्यालयातून नरहर कुरुंदकरांनी १९८२ मधील अकाली निधनापर्यंत हेच कार्य केले. कुरुंदकर आणि चपळगावकर दोघेही मराठीचे अध्यापक असावेत, यात आश्चर्य नाही. जी घटना लोकांच्या भाषेत बोलत नाही, ती लोकांची होत नाही.

आज लातूरच्या परीक्षापद्धतीचा देशभर बोलबाला आहे, आणि त्यामागील परिश्रमांविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु कलम ३२ कशाविषयी आहे हे चटकन सांगणाऱ्या विद्यार्थ्याला, त्या कलमावाचून इतर मूलभूत हक्क लुळे का पडतात, हे कोणी विचारते काय? उद्या हाच विद्यार्थी शिक्षक वा कारकून होईल. खिडकीपाशी उभा असलेला माणूस याचक नसून हक्कदार आहे, हे त्याला उमगले नसेल, तर पाठ केलेली कलमे व्यर्थ होत.

नांदेड-लातूरच्या प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून निदान एका न्यायनिर्णयाची मराठीत जाहीर चर्चा घडवावी. त्यास खर्च लागत नाही. लागतो तो अध्यापक. श्रद्धांजलीच्या ठरावांपेक्षा चपळगावकरांना ते अधिक रुचले असते.