भरपाई कशाची?

व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांतून 'कॉम्पेन्सेशन अँड बेनिफिट्स' नावाचा एक विषय शिकविला जातो. नोकरास किती द्यावे, कोणत्या रूपाने द्यावे आणि त्या देण्याने त्याचा कामाचा उत्साह कसा वाढेल, याची मीमांसा या शास्त्रात केलेली असते. शास्त्रास आमची हरकत नाही. वेतनाचा प्रश्न धन्याच्या मर्जीवर न सोडता त्याचा पद्धतशीर अभ्यास व्हावा, हे आम्हांस इष्टच वाटते. आमची तक्रार आहे ती हे शास्त्र कोठे बसून लिहिले जाते, याविषयी.

प्रथम शब्दच पाहू. 'कॉम्पेन्सेशन' म्हणजे भरपाई. १९२३ साली आपल्या देशात कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला, तेव्हा हा शब्द यंत्रात हात गमावलेल्या माणसासाठी होता. आज तोच शब्द कंपनीच्या मुख्याधिकाऱ्यास मिळणाऱ्या कोट्यवधी रुपयांसही लावतात. १९९० साली जेन्सन व मर्फी या अमेरिकन पंडितांनी हिशेब मांडला की, भागधारकांची संपत्ती हजार डॉलरांनी वाढली असता मुख्याधिकाऱ्याच्या पदरी जेमतेम सव्वातीन डॉलर पडतात. आणि हा संबंध फारच तुटपुंजा आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. या प्रश्नावर पुढे ग्रंथांचे ढीग पडले. भरपाई म्हटली की नुकसान कोणाचे व किती, हा पहिला प्रश्न असावयास हवा. तो मात्र मागेच राहिला.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीस प्रत्येक संचालकाच्या वेतनाचे मध्यम कर्मचाऱ्याच्या वेतनाशी असलेले प्रमाण जाहीर करावे लागते. कायदा चांगला आहे. परंतु येथे कर्मचारी म्हणजे कंपनीच्या पटावरचा माणूस. ठेकेदाराने आणलेला मजूर त्याच छताखाली राबत असला, तरी त्या मोजणीत तो सहसा येत नाही. ज्याची भरपाई सर्वांत थोडी, तोच हिशेबाबाहेर!

मस्तानीच्या समाधीमुळे वाचकांस ठाऊक असलेले पाबळ शिरूर तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात रांजणगावची मोठी औद्योगिक वसाहत उभी आहे, आणि त्याच तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या खेड्याची पाहणी डॉ. हॅरॉल्ड मान व श्री. कानिटकर यांनी करून १९२१ साली प्रसिद्ध केली. मानसाहेब पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे मुख्य होते. त्यांनी घरोघरचे उत्पन्न, कर्ज व खर्च पाहिला, आणि गावकऱ्यांच्याच राहणीचे माप लावून त्यांची प्राप्ती पुरते की नाही, हे तपासले. बहुसंख्य कुटुंबांस ती पुरत नव्हती. शंभर वर्षांपूर्वी जे संशोधन बैलगाडीच्या वाटेने होऊ शकले, ते आज पक्क्या सडकेने का होऊ नये? पाबळास १९८३ साली डॉ. कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला, तो हाताने काम करीत शिकण्याच्या तत्त्वावर. वेतनशास्त्रज्ञांनी हा धडा घेण्यासारखा आहे.

यावर कित्येक म्हणतील की, खेड्यात पूर्वी बलुत्याची व्यवस्था होतीच. तीत प्रत्येकास वर्षाचे धान्य मिळे. हे अर्धे खरे आहे. त्या पायलीभर धान्याच्या बदल्यात जातीने ठरविलेले काम पिढ्यान्पिढ्या नाकारता येत नसे. तेथे हमी होती, मोकळीक नव्हती. आजच्या ठेक्यावरील मजुरास कागदोपत्री मोकळीक आहे, हमी मात्र नाही. दुसरे म्हणतील, बाजार ठरवील तोच भाव. परंतु १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी बाजाराने दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढारीपणाखाली कामगारांनी ती मागून घेतली, तेव्हा मिळाली.

मार्ग नाही असेही नव्हे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळे निर्माण केली. मालकाने मजुरीबरोबर ठरावीक लेव्ही मंडळात भरावयाची, आणि त्यातून हमालास भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा द्यावयाची, अशी ही योजना आहे. धनी रोज बदलला, तरी हक्क मजुराबरोबर चालतो. महाराष्ट्रात घडलेल्या या प्रयोगाचे गुणदोष आमच्या व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत किती चर्चिले जातात?

शेवटी एक गोष्ट आमच्यासकट सर्व सुशिक्षित कुटुंबांस सांगावयाची आहे. घरकामगारांच्या कल्याणासाठी राज्याने २००८ साली कायदा केला. परंतु आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईस आठवड्याची सुटी, आजारपणाची पगारी रजा, वीस वर्षांच्या चाकरीनंतर काही पुंजी, यांतले काय आपण देतो? दिवाळीस जुने लुगडे दिले की आपण उदार झालो! स्वतःच्या ग्रॅच्युइटीस आपण हक्क म्हणतो आणि तिच्या बोनसास बक्षिसी. हा शब्दभेद जोवर आपल्या स्वयंपाकघरात टिकून आहे, तोवर विद्यापीठातल्या शास्त्रास एकट्यास दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही.