अतिक्रमण कोणाचं?



मागच्या महिन्यात आपल्या एका पाड्यावर सायब लोक आले. बायामाणसांना ओळीत बसवलं आणि छापील कागदावर अंगठे घेतले. "तुमच्या प्लॉटची नोंद करतो," एवढंच सांगितलं. शाळेत जाणाऱ्या एका पोरानं वरची ओळ वाचली. तिथं छापलं होतं, 'अतिक्रमणदाराचा जबाब'. म्हंजे आजोबापासून कसतो ती जमीन आपण चोरली, हे आपल्याच अंगठ्यानं कबूल! एक म्हातारी बोलली, "आम्ही अतिक्रमण कधी केलं रे? आम्ही तर हितंच होतो."

तिचा सवाल आमच्या डोक्यातून जाईना. म्हणून या अंकात आम्ही लांबच्या एका शहराची गोष्ट सांगतो. शिबिरात तिच्यावर बोलणं झालं होतं, पण सगळ्यांना येता आलं नव्हतं.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात शाकोपी नावाचं शहर आहे. मिनियापोलिस या मोठ्या शहराचं ते उपनगर, जसं मुंबईला ठाणं-कल्याण. शाकोपी हे डकोटा आदिवासींच्या एका प्रमुखाचं नाव. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ 'सहा'. बापानंतर मुलगा प्रमुख झाला की तोही शाकोपीच. नदीकाठी त्यांचं मोठं गाव होतं. झाडाच्या सालीची घरं, बायका मका पिकवायच्या, हिवाळ्यात सगळे शिकारीला रानात जायचे. गावाला कोणी सातबारा दिला नव्हता. लागतही नव्हता.

१८५१ साली सरकारनं डकोटांशी दोन करार केले. एक २३ जुलैला, दुसरा ५ ऑगस्टला. शाकोपीचं गाव दुसऱ्या करारात आलं. तिथल्या प्रमुखांनी विचारलं होतं, १८३७ च्या करारातले पैसे अजून दिले नाहीत, आधी ते द्या. तरी शेवटी सह्या झाल्या. दोन्ही करार मिळून दोन कोटी एकरांपेक्षा जास्त जमीन गेली. मोठी रक्कम सरकारनं आपल्याकडेच ठेवली. डकोटांना फक्त त्याचं व्याज, शेकडा पाच, तेही पन्नास वर्षं.

आणि पहिल्या कराराच्या वेळी काय झालं ते नीट ऐका. सही करून प्रमुख वळले, तर बाजूला आणखी एक कागद ठेवलेला. तिथंही त्यांच्याकडून खूण करून घेतली. पुष्कळांना वाटलं ही कराराचीच दुसरी प्रत. तो होता व्यापाऱ्यांचा कागद! आमची उधारी आधी कापून घ्या, असं त्यात लिहिलेलं. सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना हे काही नवीन वाटायचं नाही.

करार पक्का व्हायच्या आधीच गोरे लोक जमिनीत घुसले. मोजणी नाही, परवानगी नाही. झाडावर खूण केली, झोपडी टाकली, झाली जमीन त्यांची. यालाच आपल्याकडे अतिक्रमण म्हणतात ना? पण त्यांच्यासाठी १८४१ पासून कायदा होता, की जो आधी बसेल त्याला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन स्वस्तात विकत घेण्याचा पहिला हक्क. १८५४ साली तिथल्या न मोजलेल्या जमिनीलाही तो लागू केला. गोरा बसला तर हक्कदार. डकोटा आपल्या मक्याच्या शेतात राहिला तर त्याला उठवायचं.

होम्स नावाच्या व्यापाऱ्यानं १८५१ मध्येच तिथं दुकान टाकलं होतं. १८५४ मध्ये त्यानं रस्ते-प्लॉट आखून नकाशा केला, आणि शहराला नाव दिलं शाकोपीचंच. १८५७ मध्ये शहराला सनद मिळाली. सनद म्हंजे कायद्यानं शहर एक माणूस धरायचं. ते कर लावणार, जमीन घेणार, कोर्टात उभं राहणार. त्याच वर्षी राज्याची घटना लिहिली गेली. तिच्यात असं होतं की आपल्या चालीरीती सोडून गोऱ्यांसारखा राहील त्याच इंडियनाला मत. म्हणजे नाव शाकोपीचं, पण शाकोपीला मत नाही.

पुढं नदीकाठची राखीव पट्टी राहिली होती, तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८५८ मध्ये गेला. १८६२ मध्ये व्याजाचे पैसे वेळेवर आले नाहीत. गोदामात धान्य होतं, पण उधारी बंद. भूक लागली तर गवत खा, असं एक व्यापारी बोलल्याचं सांगतात. लढाई पेटली. त्यात शेकडो गोरे शेतकरी, त्यांची बायापोरंही मेली, हे आम्ही लपवत नाही. पण त्याचं उत्तर सगळ्या जमातीला दिलं. २६ डिसेंबर १८६२ ला एका वेळी ३८ जणांना फाशी. न लढलेली सोळाशेच्या आसपास बायापोरं-म्हातारी किल्ल्याखाली थंडीत डांबली, त्यात कितीतरी मेली. १८६३ मध्ये कायदा करून करार रद्द केले आणि डकोटांना राज्याबाहेर काढलं. त्या वेळचा शाकोपी, म्हंजे जुन्या प्रमुखाचा मुलगा, कॅनडात पळाला होता. त्याला धरून आणलं आणि १८६५ मध्ये फासावर दिलं.

आणि शहर? त्यानं १८६१ मध्ये सनद परत केली होती, १८७० मध्ये पुन्हा घेतली. शहराची सनद जाते-येते. डकोटांचे रद्द केलेले करार काही परत आले नाहीत. थोडे लोक नंतर चुकतमाकत परतले. त्यांच्या वंशजांच्या छोट्या वस्तीला सरकारी मान्यता मिळाली १९६९ मध्ये! शहरात १९७६ मध्ये पाळण्यांचं मोठं करमणूक पार्क झालं. तिकीट काढून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, शाकोपी कोण होता?

ज्या पाड्यावर अंगठे घेतले तिथं आमचे कार्यकर्ते जाऊन आले. आता तहसीलदाराला अर्ज देतोय, की तो जबाब आम्हाला वाचून दाखवला नव्हता, तो आम्हाला मान्य नाही. तुमच्या पाड्यावर असा कागद आला तर मराठीत मोठ्यानं वाचून घ्या, नक्कल मागा, आणि 'अतिक्रमण' शब्द असेल तर अंगठा देऊ नका. "उद्या सांगतो" म्हणायला कायद्यानं मनाई नाय. पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्यातून एक तरी म्हातारं माणूस आणा. जुने बांध, विहीर, देवाची जागा, पूर्वजांच्या खुणा त्यांना ठाऊक. ते सांगतील, आपण लिहून घेऊ.