आवाज त्यांचा दबला, बहिरे आम्ही ठरलो

गेल्या ईदला शीरखुर्म्याचे वाडगे रिकामे झाले आणि सगळं घर टीव्हीसमोर येऊन बसलं. नवा मराठी सिनेमा लावला. पहिला संवाद संपायच्या आत माझ्या मुलीने रिमोट उचलला आणि खाली इंग्रजी सबटायटल्स सुरू केली. अब्बा वैतागले. "आपल्याच भाषेतला सिनेमा, त्याला इंग्रजी पाट्या कशाला?" मुलगी म्हणाली, "काय बोलतात ते कळतच नाही." "वीस वर्षांच्या पोरीचे कान गेले!" म्हणत अब्बा हसले. दहाच मिनिटांत ते स्वतः विचारू लागले, "काय म्हणाला तो?" कोपऱ्यात बसलेली अम्मी तेवढ्यात बोलली, "मला वरचं ऐकू येत नाही आणि खालचं वाचता येत नाही. मी काय बघू?"

अम्मीचा हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

सबटायटल्स लावणाऱ्यांची सध्या दोन प्रकारे टिंगल होते. म्हातारा असेल तर त्याचे कान गेलेले असतात आणि तरुण असेल तर त्याचं लक्ष मोबाईलमध्ये असतं. दोष काहीही झालं तरी पाहणाऱ्याचाच. पण 2023 मध्ये अमेरिकेत युगव्ह या संस्थेने पाहणी केली, तेव्हा स्वतःला कळणाऱ्या भाषेतला कार्यक्रमही सबटायटल्स लावून पाहणं पसंत करणारे 38 टक्के निघाले. तिशीच्या आतल्यांत हेच प्रमाण 63 टक्के होतं. प्रश्न कानांचा असता तर आकडे उलटे यायला हवे होते. ज्यांचे कान सगळ्यात धड, तेच सगळ्यात जास्त वाचत आहेत. याचा अर्थ बिघाड कानात नाही, कानापर्यंत जे पोहोचवलं जातं त्यात आहे.

हा बिघाड होतो कुठे? पहिली जागा आपल्या भिंतीवरच आहे. टीव्ही कागदासारखा पातळ झाला, पण आवाजाला जागा लागते, हे बनवणारे सोयीस्कर विसरले. जुन्या डब्यासारख्या टीव्हीचे स्पीकर बहुधा समोर, आपल्याकडे तोंड करून असायचे. आताचे बरेचसे खाली किंवा मागे तोंड करून असतात. म्हणजे नट बोलतो तुमच्याशी आणि आवाज जातो भिंतीकडे.

दुसरी जागा मिक्सिंगची. सिनेमाचा आवाज थिएटरसाठी बांधला जातो. तिथे संवादाला पडद्यामागे मधला स्वतंत्र स्पीकर असतो, संगीत आणि स्फोट बाजूच्या स्पीकरमधून येतात. घरी हे सगळं टीव्हीच्या दोन लहानशा स्पीकरमध्ये कोंबलं जातं. मग कुजबुज ऐकायला आवाज वाढवायचा आणि पुढच्या क्षणी गोळीबार झाला की शेजारी उठायच्या आत कमी करायचा. रात्री घरात कोणी झोपलेलं असेल तर रिमोट हातातून सुटत नाही. अशा माणसाने सबटायटल्स लावली तर त्याला आळशी कसं म्हणायचं?

तिसरी जागा मात्र कलावंतांची आहे आणि माझा खरा राग तिथेच आहे. ख्रिस्तोफर नोलनच्या 'इंटरस्टेलर'मधले (2014) आणि 'टेनेट'मधले (2020) संवाद ऐकू येत नाहीत, अशी तक्रार जगभरातून झाली. नोलन यांनी मात्र आपल्या आवाजाच्या पद्धतीचं समर्थनच केलं. इतक्या मोठ्या दिग्दर्शकाने असं म्हटल्यावर इतरांना परवानाच मिळतो. आता आपल्याकडेही ओठ न हलवता बोलणं म्हणजे वास्तववादी अभिनय झाला आहे.

यावर कोणी म्हणेल, खऱ्या आयुष्यात माणसं अशीच बोलतात. बोलतात ना! पण समोरच्याला ऐकू गेलं नाही तर ती पुन्हाही सांगतात. पडद्यावरचा नट पुन्हा सांगत नाही. आणि हळू बोलणं ही अडचण कधीच नव्हती. दिलीपकुमार यांच्याइतकं हळू कोण बोललं असेल? 'मुगल-ए-आझम' आजही लावून बघा. सलीम पुटपुटतो तेव्हाही त्याचा एकेक शब्द वेचून घेता येतो. आपले डॉ. श्रीराम लागू तर शिक्षणाने कान-नाक-घशाचे डॉक्टर. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द गेला पाहिजे, ही त्या पिढीची शिस्त होती. तंत्राचाही त्यात वाटा होता, हे कबूल. पुढे कित्येक वर्षं बहुतेक संवाद स्टुडिओत, माइकसमोर उभं राहून पुन्हा बोलले जायचे. 2001 च्या 'लगान'नंतर चित्रीकरणाच्या जागीच आवाज पकडण्याची पद्धत हिंदीत पुन्हा रुजली. त्यातून जिवंतपणा आला, पण गोंगाटही आला. तो निस्तरायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि निर्मात्याची कात्री बऱ्याचदा आधी तिथेच चालते.

थोडक्यात, काम त्यांनी अर्धवट सोडलं आणि उरलेलं आपण वाचून पूर्ण करतो आहोत. पाटीमुळे चित्रावरचं लक्ष उडतं, असं सिनेमाचे जाणकार म्हणतात. खरं आहे. विनोदाचा शेवट आधीच वाचला जातो, नटाच्या डोळ्यांत बघायच्या क्षणी आपली नजर खाली असते. मलाही ते आवडत नाही. पण न कळलेल्या वाक्याने लक्ष त्याहून जास्त उडतं.

आता अम्मीच्या प्रश्नाचा दुसरा भाग. खालचं वाचता येत नाही, त्याचं काय? अम्मी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकली. घरात आम्ही दखनी बोलतो, लिहितो-वाचतो मराठी. 'एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका आमच्या मोहल्ल्यात घराघरांत पाहिली गेली, तेव्हा एका भल्या शेजाऱ्याने अम्मीसाठी उर्दू सबटायटल्स असलेले भाग आणून दिले. मुसलमानाच्या घरात उर्दू वाचता येणारच, हा त्याचा समज. अम्मी रोज कुरआन वाचते, पण पडद्यावरून पळणारी उर्दूची ओळ तिला पकडता येत नाही. मराठी सिनेमावाल्यांचा समज वेगळा. त्यांना वाटतं, ज्याला वाचायचंय त्याला इंग्रजी येणारच. या दोन समजांच्या मधोमध देवनागरी वाचणारी माझी आई बसलेली आहे. ती एकटी नाही. सातारा, सोलापूर, रत्नागिरी, लातूर, कुठल्याही जातीधर्माच्या घरात बघा, तुम्हाला ती दिसेल.

मराठी सिनेमा आज थिएटरातसुद्धा इंग्रजी सबटायटल्ससह लागतो. अमराठी प्रेक्षकासाठी ते हवंच, त्याला माझा विरोध नाही. पण मराठी संवादाखाली मराठी ओळ शोधायला जा, मला तरी ती क्वचितच सापडते. परक्याची सोय होते आणि घरचा माणूस उपाशी राहतो, हा कुठला पाहुणचार?

ही कल्पना नवी नाही. पुढे अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकवलेल्या ब्रिज कोठारी यांना ती 1996 मध्ये, अमेरिकेत एक स्पॅनिश सिनेमा पाहताना सुचली. स्पॅनिश शिकणाऱ्याला इंग्रजी ओळींचा काय उपयोग? स्पॅनिशखाली स्पॅनिशच हवं. त्यातून दूरदर्शनवर गाण्याच्या भाषेतच गाण्याचे शब्द दाखवण्याचा प्रयोग उभा राहिला. आधी गुजरातीत, मग 'चित्रहार'मध्ये. नुकतंच वाचायला शिकलेल्या माणसाचं वाचन गाणं बघता बघता पक्कं व्हावं, हा त्यामागचा हेतू. शाळा अर्धवट सुटलेल्या बायका-माणसांना याहून स्वस्त शिकवणी कोणती?

शिवाय हा उपकाराचा मामला नाही. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या 50 लाखांच्या वर नोंदली गेली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चं कलम 42 प्रसारमाध्यमांतला मजकूर अशा व्यक्तींना उपलब्ध करून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. जानेवारी 2023 मध्ये 'पठाण'च्या निमित्ताने दिल्ली उच्च न्यायालयाने ओटीटीसाठी हिंदी सबटायटल्स आणि अंधांसाठी ध्वनिवर्णन तयार करायला निर्मात्यांना सांगितलं. त्यासाठी दृष्टी आणि श्रवणाचा दोष असलेल्या माणसांना कोर्टाची पायरी चढावी लागली. हिंदी सिनेमाखाली हिंदी ओळ मागायला कोर्ट लागतं, तर मराठीसाठी काय लागेल?

खर्चाचं कारण कृपा करून कोणी सांगू नये. संवाद लिहिलेले असतात, संहिता मराठीतच असते आणि इंग्रजी ओळींसाठी वेळेची मांडणीही झालेली असते. त्याच जागी मराठी वाक्यं बसवायची आहेत. ज्या उद्योगाला सरकारी अनुदान मराठीच्या नावाने मिळतं, त्याने निदान मराठी अक्षरं तरी पडद्यावर आणावीत. सरकारनेही अनुदानाच्या अटींत ही एक ओळ घालावी.

आणि नटांनो, दिग्दर्शकांनो, जमलं तर जरा तोंड उघडून बोला. ते जमेपर्यंत आम्ही वाचू, तक्रार नाही. फक्त आमच्या अक्षरांत लिहा. पुढच्या ईदला अम्मीला कोपऱ्यातून उठून स्वयंपाकघरात जावं लागू नये, एवढंच माझं मागणं आहे.