दिसलं नाही म्हणजे चुकलं?

वीकेंडला लोट्याला घरी आलो, तर मित्र म्हणतो, "२०१७ साली दोन न्यूट्रॉन तारे धडकले, गॅमा किरणांचा स्फोट झाला. नासाच्या फर्मीला दिसला, आपल्या ॲस्ट्रोसॅटला नाही. पैसे पाण्यात!"

च्यायला! घाटाखाली चिपळूणला फटाका फुटला आणि लोट्यातून दिसला नाही, तर दोष डोळ्यांचा की डोंगराचा? १७ ऑगस्टच्या त्या दोन सेकंदांत मध्ये पृथ्वी आडवी होती. उलट 'इथून दिसला नाही' म्हणजे स्फोट पृथ्वीआडच्या भागात, एवढं नक्की झालं आणि शोधायचं आकाश कमी झालं. लॉगमध्ये एंट्री नसणं हीसुद्धा माहितीच असते, हे आपल्या आयटीवाल्यांना तरी कळावं!

आयआयटी मुंबई वगैरेंनी मांडलेल्या 'दक्ष' मोहिमेत पृथ्वीच्या दोन बाजूंना दोन उपग्रह आहेत, ते याचसाठी. भांडायचंच तर त्यासाठी भांडा ना राव.